वाया गेलेले एक सत्कृत्य

धनत्रयोदशीच्या संध्याकाळी आपल्याकडे एक दिवा दक्षिणेकडे तोंड करून लावतात. बाकीचे सारे दिवे लक्ष्मीसाठी, आल्यागेल्यासाठी, मुलाबाळांच्या हौसेसाठी. हा एकच यमासाठी. घरात कुणाला अपमृत्यू येऊ नये, एवढेच त्याच्याकडे मागणे असते. सणासुदीला मरणाची गोष्ट काढू नये असे बजावणारी वडीलधारी माणसेसुद्धा हा दिवा कधी चुकवीत नाहीत. त्या दिव्याच्या भरवशावर मीही आज अशाच एका अपमृत्यूची गोष्ट काढणार आहे. ती आपल्या घरातली नाही, आपल्या देशातलीही नाही. पोलंडमधून पोटासाठी कॅनडात आलेल्या आईबापांचा एक मुलगा, इंग्लंडच्या विमानतळावरून उडाला आणि फ्रान्सच्या भूमीवर मेला. तेव्हा तो २७ वर्षांचा होता. त्याचे नाव अँड्र्यू मायनार्स्की.

तो शूर होता म्हणून ही गोष्ट सांगतो आहे असे कुणी समजू नये. शूरांच्या गोष्टींची आपल्याकडे वाण नाही. मला ही गोष्ट इतकी वर्षे सोडीत नाही, ती एका अडचणीमुळे. मायनार्स्कीने मरण्यापूर्वी जे केले त्याचा कुणालाही, काडीइतकाही उपयोग झाला नाही. त्याने ते केले नसते तर सगळेच बरे झाले असते. आणि तरीही ते कृत्य मनातून जात नाही. इतकेच नव्हे, तर ते केले हेच बरे झाले असे आतून कुणीतरी सांगत राहते. हे सांगणे खरे, की निव्वळ भाबडेपणा?

आधी हकीकत सांगतो.

मायनार्स्कीचा जन्म १४ ऑक्टोबर १९१६ रोजी कॅनडातल्या विनिपेग शहरी झाला. वडील लवकर गेले. मुलगा चामड्याच्या कामाला लागला आणि घर चालवण्यात आईला हातभार लावू लागला. १९४१ साली तो कॅनडाच्या हवाई दलात शिरला, विमानातील गोलंदाजाचे शिक्षण घेऊन इंग्लंडला आला आणि डरहॅम परगण्यातील मिडलटन सेंट जॉर्ज येथे ४१९ क्रमांकाच्या तुकडीत दाखल झाला. विमान लँकॅस्टर जातीचे. चार इंजिनांचे हे अवजड धूड सातजण मिळून चालवीत. त्यांतले दोघे गोलंदाज. एकाची जागा विमानाच्या पाठीवर, काचेच्या घुमटात, ती मायनार्स्कीची. दुसऱ्याची अगदी शेपटीच्या टोकाला, तेलाच्या दाबावर फिरणाऱ्या एका चिंचोळ्या कोठडीत. तिथे पॅट ब्रोफी बसे. शेपटीतला हा गोलंदाज म्हणजे सगळ्या विमानातला सर्वांत एकटा माणूस. बाकीचे सारे पुढे पाहत जातात, हा सहाजणांकडे पाठ करून मागे राहिलेला काळोख पाहत जातो.

ब्रोफी हुद्द्याने अधिकारी होता, मायनार्स्की त्याच्या खालचा. दोघांची दोस्ती अशी की ब्रोफीला हुद्द्याचे नाव काढलेले खपत नसे, आणि म्हणूनच की काय, मायनार्स्की रोज रात्री निरोप घेताना मुद्दाम वाकून, सलाम ठोकून 'शुभरात्री, साहेब' म्हणे. शाळकरी पोरांची असते तशी ही थट्टा होती. आपल्या घरातही अशा ठरलेल्या थट्टा असतात. त्या करणारे माणूस गेल्यावर मग त्या फार आठवतात.

१२ जून १९४४ ची रात्र. नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर मित्रराष्ट्रांच्या फौजा उतरून सहा दिवस झाले होते. जर्मनांची कुमक रेल्वेने किनाऱ्याकडे येऊ नये म्हणून उत्तर फ्रान्समधली रेल्वेची ठाणी फोडण्याचे काम चालू होते. त्या रात्रीचे लक्ष्य होते काँब्रे गावचे यार्ड. ही या सातजणांची तेरावी मोहीम, आणि लक्ष्यावर पोचेपर्यंत तारीखही १३ लागणार होती. वैमानिक मंडळी अशा बाबतीत आपल्याइतकीच शकुन पाहणारी. निघण्यापूर्वी गवतावर बसले असता मायनार्स्कीला क्लोव्हर नावाच्या तिपानी गवताचे चार पानांचे रोप सापडले. तिकडे ते भाग्याचे समजतात. त्याने ते ब्रोफीला देऊन टाकले.

फ्रान्सवर पोचल्यावर जर्मनांच्या एका युंकर्स विमानाने त्यांना खालून गाठले. डाव्या बाजूची दोन्ही इंजिने निकामी झाली, पंख पेटला, आणि विमानाच्या पोटात, दोन्ही गोलंदाजांच्या मधल्या जागेत, आगीचा लोळ उठला. कप्तानाने सर्वांना उड्या टाकण्याचा हुकूम दिला. मायनार्स्की घुमटातून उतरून मागच्या दाराशी आला. हवाई छत्री बांधलेली होती, दार उघडे होते. एक पाऊल टाकायचे बाकी होते. तेवढ्यात त्याची नजर शेपटीकडे गेली.

ब्रोफी कोठडीत अडकला होता. तेलाच्या नळ्या तुटल्यामुळे कोठडी फिरेना. हाताने फिरवायची मूठ होती, तीही मोडली. आणि कोठडी फिरल्याखेरीज बाहेर पडायला वाट नव्हती. मायनार्स्की दारापासून वळला आणि आगीतून रांगत त्याच्याकडे गेला. कुऱ्हाड होती, तिने कोठडी फोडू पाहिली. जमले नाही, तेव्हा नुसत्या हातांनी ती उपटू पाहिली. तोवर त्याचे कपडे कमरेपासून खाली पेटले होते. ब्रोफीने आतून हात हलवून, ओरडून त्याला सांगितले, की जा, परत जा. काही वेळाने त्याने ऐकले. वळायला जागा नव्हती म्हणा, की नजर काढवेना म्हणा, तो ब्रोफीकडे तोंड करूनच मागे मागे रांगत गेला. दाराशी पोचल्यावर, पेटलेल्या कपड्यांनिशी, तो ताठ उभा राहिला आणि त्याने सलाम केला. त्याचे ओठ हललेले ब्रोफीला दिसले. शब्द ऐकू येणे शक्य नव्हते, पण ते कोणते होते हे ब्रोफीला सांगावे लागले नाही. मग त्याने उडी टाकली. छत्रीही पेटली होती.

विमान ब्रोफीला घेऊन खाली आले. पडता पडता डावा पंख एका झाडाला लागून तुटला, सारे धूड गर्रकन फिरले, त्या झटक्याने शेपटीतली कोठडी उकलली, आणि ब्रोफी बाहेर फेकला गेला. शुद्धीवर आला तेव्हा त्याला सांगण्यासारखी दुखापतही नव्हती. बाकीचे पाचजणही वाचले. फ्रेंच लोकांना मायनार्स्की सापडला तेव्हा तो जिवंत होता, पण भाजल्यामुळे थोड्याच तासांत मेला. आमिएँजवळच्या मेअरीकूर खेड्याच्या दफनभूमीत त्याची कबर आहे. ब्रोफीला फ्रेंच भूमिगतांनी सप्टेंबरपर्यंत लपवले. इंग्लंडला परत आल्यावर त्याला कळले, की सातांतला एकच गेला, आणि तो कोण. ११ ऑक्टोबर १९४६ रोजी मायनार्स्कीला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला, आणि तो त्याच्या आईच्या हाती देण्यात आला.

ही हकीकत मी आमच्या एका स्नेह्यांना सांगितली. त्यांचा सारा जन्म महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवण्यात गेला. निवृत्तीनंतरही माणसाला बोलता बोलता खिंडीत पकडण्याची सवय सुटलेली नाही. ते शांतपणे म्हणाले, "म्हणजे हिशेब असा, की तुमचा हा माणूस दारातून सरळ उडी टाकता तर सातांतले सात वाचले असते. तो माघारी वळला म्हणून सहा वाचले. जगातून एक आयुष्य कमी करणाऱ्या कृतीला तुम्ही सत्कृत्य कोणत्या आधाराने म्हणता?"

मी म्हटले, की पुढे काय होणार हे त्याला कुठे ठाऊक होते? माणसाची पारख त्या क्षणी त्याला जेवढे दिसते तेवढ्यावर करावी.

"छान," ते म्हणाले. "तर मग जेवढे दिसत होते तेवढेच घ्या. विमान पडते आहे, पेटले आहे, पोटात बाँब आहेत. कुऱ्हाडीने कोठडी फुटत नाही हे दोन घावांत कळते. तरी हा नुसत्या हातांनी धडपडतो. शक्यतेच्या हिशेबानेही त्याने उडी टाकायला हवी होती."

हा प्रश्न वाचकांनी थट्टेवारी नेऊ नये. आपली निम्मी व्यवहारनीती याच हिशेबावर चालते, आणि बहुतेक वेळा ती चांगली चालते. बुडणाऱ्याला वाचवायला पोहता न येणाऱ्याने उडी घेऊ नये, असे आपण मुलांना शिकवतो, आणि योग्य तेच शिकवतो. परिणामांकडे पाठ करून नीती सांगणारा माणूस मला धोकेबाज वाटतो. तेव्हा मायनार्स्कीला वाचवायचे तर वाट दुसरी शोधायला हवी.

एक वाट जर्मन तत्त्वज्ञ कांट यांनी १७८५ सालीच घालून ठेवली आहे. सदिच्छेचे मोल तिच्या फळावर अवलंबून नाही, ती पूर्ण निष्फळ झाली तरी स्वतःच्या तेजाने चमकत राहते, असे त्यांचे मत. निष्काम कर्माच्या कल्पनेवर वाढलेल्या आपल्याला ते ओळखीचे वाटते. परंतु कांट यांची दुसरी अटही आहे. कृत्य प्रेमापोटी, ओढीपोटी झालेले असेल तर त्याला खरे नैतिक मोल नाही. ते कर्तव्य म्हणूनच झाले पाहिजे. इथे माझे आणि त्यांचे बिनसते. मायनार्स्की दारापासून वळला तो कर्तव्याची व्याख्या आठवून नव्हे. त्याला हुकूम होता तो उडी टाकण्याचा. तो वळला, कारण तिथे ब्रोफी होता. ज्याला रोज रात्री खोटा सलाम ठोकायचा तो ब्रोफी. हे मोल कमी करणारे कारण आहे असे मला कोणत्याही तत्त्वज्ञाच्या सांगण्यावरून वाटणार नाही.

दुसरी वाट आपल्या घरची. नाशिक जिल्ह्यात टाकेद येथे जटायूचे देऊळ आहे. तो तिथेच पडला अशी त्या भागातली श्रद्धा. म्हातारा पक्षी, समोर रावण. जिंकण्याची आशा नव्हती आणि सीता सुटली तर नाहीच. तरी जटायूने झडप घातली हे व्यर्थ, असे रामकथा ऐकणाऱ्या कोणत्या आजीने कधी म्हटले आहे? मी हे बोलून दाखवताच आमचे स्नेही हसले. "पण जटायू रामाला वाट सांगायला उरला. सीता कुठे नेली ते त्याच्यामुळे कळले. तुमच्या मायनार्स्कीने काय सांगितले?" हे खरे आहे. पुराणकथेलासुद्धा फुकट गेलेले बलिदान सोसत नाही. ती त्याला कुठे तरी फळ चिकटवतेच.

मग काय उरते? मला वाटते, मायनार्स्की तिथे गेला या घटनेने ब्रोफीचे मरण बदलले. तो मेला नाही ही गोष्ट वेगळी. त्या मिनिटांत तो मरणारच होता, त्याला ते ठाऊक होते, आणि तो एका काचेच्या पिंजऱ्यात, सगळ्यांकडे पाठ असलेल्या जागी, अगदी एकटा मरणार होता. आणि मग त्या काचेपलीकडे एक चेहरा आला. त्याने काही सोडवले नाही. तो फक्त आला, आणि जळत असूनही लगेच गेला नाही. आपल्या घरात कुणी शेवटच्या दुखण्यात असते तेव्हा आपण रात्र रात्र उशाशी बसतो. कशासाठी? औषधाचा उपाय संपलेला असतो. डॉक्टरांनी हात टेकलेले असतात. तरी कुणी म्हणत नाही, की या बसण्याचा उपयोग काय, जा, झोपा. उपयोग नसतानाही माणसाने माणसाजवळ असावे, ही गरज आपण कोणत्याही शास्त्राला विचारून मान्य केलेली नाही. मायनार्स्की उशाशी बसायला गेला, इतकेच. उशाकडे जाणारी वाट आगीतून होती.

मात्र या गोष्टीत सत्कृत्ये दोन आहेत, आणि दुसऱ्याकडे बहुतेकांचे लक्ष जात नाही. ब्रोफीने हात हलवून त्याला परत पाठवले. मरताना जवळ कुणी असावे असे कुणाला वाटणार नाही? त्याला हवे असते तर त्याने नुसते गप्प राहायचे होते. मायनार्स्की गेला नसता. त्याने जा म्हटले. दोघांनी एकमेकांना आयुष्य देऊ केले, आणि दोन्ही देणग्या वाटेतच हरवल्या. मायनार्स्कीने देऊ केलेले आयुष्य ब्रोफीला कुऱ्हाडीतून मिळाले नाही, ते एका झाडाकडून मिळाले. ब्रोफीने देऊ केलेले आयुष्य मायनार्स्कीपर्यंत पोचले नाही, कारण छत्री पेटली होती.

आणि तिसरी गोष्ट, जी मला सर्वांत कठीण वाटते. मायनार्स्कीने ऐकले. तो परत फिरला. कथा रचणाऱ्याने रचली असती तर त्याला तिथेच मित्राशेजारी मारले असते. तसे ते जास्त शोभले असते. खऱ्या माणसाला एक वेळ अशी येते, की आता इथे राहणे हा नुसता आपल्या मनाचा हट्ट आहे, आणि समोरच्याने दिलेला निरोप घेणे हेच त्याचा मान राखणे आहे. सोडून जाणे केव्हा योग्य आणि केव्हा पाप, याचा निवाडा महाभारतालाही नीट करता आलेला नाही. महाप्रस्थानाच्या वाटेवर द्रौपदी पडली, चारही भाऊ पडले, धर्मराज मागे न पाहता चालत राहिला, आणि वर प्रत्येकाच्या पडण्याचे कारणही सांगत गेला. मग स्वर्गाच्या दारात मात्र एका कुत्र्याला सोडून आत येणार नाही म्हणून अडून बसला. लहानपणी मला कुत्र्याची गोष्ट आवडे. आता त्या आधीच्या वाटेकडे लक्ष जाते. मागे न पाहणे मोठ्या योग्याला शोभत असेल. मायनार्स्कीला ते साधले नाही. तो मागे मागे रांगत गेला, पण तोंड मित्राकडे ठेवून.

इथवर आल्यावर एखादा वाचक मनात म्हणत असेल, की हे सारे ठीक. पण ही मंडळी त्या विमानात बसून चालली होती कुठे? प्रश्न रास्त आहे. तो टाळून बाँबफेकी विमानातल्या माणसाचे स्मरण करणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते.

त्या विमानात ५०० पौंडी वीस बाँब होते. काँब्रेचे यार्ड हे लष्करी लक्ष्य होते यात शंका नाही. पण रेल्वेचे यार्ड कधी गावाबाहेर माळावर नसते. त्याच्या कडेला रेल्वेच्या नोकरांची बिऱ्हाडे असतात, खानावळी असतात, शाळा असते. परळ-दादरकडे दिवस काढलेल्या वाचकांना हे सांगायला नको. फ्रान्समधील ठाण्यांवरच्या या हल्ल्यांचा बेत १९४४ च्या एप्रिलमध्ये ब्रिटिश मंत्रिमंडळापुढे आला, तेव्हा स्वतः चर्चिल अस्वस्थ झाले. मरणाऱ्या फ्रेंच नागरिकांचा आकडा १०,००० च्या आत ठेवावा असे त्यांनी सुचवले. रूझवेल्ट यांनी मे महिन्यात कळवले, की सेनापतींच्या हातांवर असे बंधन आपण घालणार नाही. साऱ्या युद्धात मित्रांच्याच बाँबखाली मेलेले फ्रेंच नागरिक ५०,००० हून अधिक आहेत. आणि जर्मनीत तर लक्ष्य आणि वस्ती असा भेदच उरला नव्हता. फेब्रुवारी १९४२ च्या आज्ञापत्राने शत्रूच्या नागरिकांचे, विशेषतः कामगारांचे, मनोधैर्य हेच लक्ष्य ठरवले. जुलै १९४३ मध्ये हँबुर्गला ३५,००० हून अधिक माणसे मेली. फेब्रुवारी १९४५ मध्ये ड्रेस्डेनला सुमारे २५,०००. बिशप जॉर्ज बेल यांनी फेब्रुवारी १९४४ मध्ये, युद्ध ऐन भरात असताना, ब्रिटिश वरिष्ठ सभागृहात उभे राहून याला विरोध केला. तेव्हा हे कळायला युद्ध संपावे लागले असेही म्हणता येत नाही.

आता काही सोपी उत्तरे आहेत. मायनार्स्की गोलंदाज होता, बाँबची कळ त्याच्या हाती नव्हती, हे एक. ते मी घेत नाही. सातजणांनी मिळून विमान नेले, त्यांतला प्रत्येकजण त्या वीस बाँबांचा मालक होता. आणि हे त्यांतल्या कुणी नाकारले असते असे मला वाटत नाही. दुसरे उत्तर असे, की शेवटच्या काही मिनिटांनी आधीचे सगळे धुऊन निघाले. तेही घेत नाही. तो पुन्हा आमच्या तर्कशास्त्री स्नेह्यांचाच हिशेब झाला, फक्त जमेची बाजू फुगवलेली. काँब्रेतल्या कुणा बाईने आपल्या मुलाच्या बदल्यात ब्रोफीची दोस्ती का म्हणून स्वीकारावी? आणि तिसरे, जे आजच्या काळात ऐकू येते, की अशा विमानातल्या माणसाचे कसले शौर्य नि कसली माया, सगळे त्या विमानाबरोबरच टाकून द्या. ते तर मुळीच नाही. त्या न्यायाने पाहिले तर आपल्या कुणाच्याच पूर्वजाची आठवण काढता येणार नाही.

मला इतकेच दिसते, की ते काम असे होते, की ज्यात समोरचा चेहरा कधी दिसत नसे. हजारो फुटांवरून गाव म्हणजे अंधारातले एक ठिकाण. पुढे तिथे उजेड होई, आणि विमाने वळत. ती माणसे क्रूर नव्हती, दूर होती. त्या रात्री मायनार्स्कीला एक चेहरा चार हातांवर दिसला, आणि तो उडी टाकू शकला नाही. काँब्रेतला एखादा चेहरा त्याला तसा दिसला असता तर त्याने काय केले असते? या प्रश्नाचे उत्तर मी देऊ धजत नाही. पण हा प्रश्न विचारण्याची सोय ज्या यंत्राने काढून घेतली, त्याची भीती मला त्यातल्या कोणत्याही माणसापेक्षा अधिक वाटते. पुढे तर विमानात माणूस असण्याचीही गरज संपत गेली.

या माणसांची आठवण कशी ठेवावी, हे इंग्लंडलाही बरीच वर्षे उमगले नाही. बाँबफेकी दलाच्या सव्वा लाख वैमानिकांपैकी ५५,५७३ मेले. मेलेल्यांचे सरासरी वय विशीच्या आरंभीचे. या दलाचे प्रमुख हॅरिस यांचा पुतळा १९९२ मध्ये लंडनला उभारला तेव्हा त्याच्यावर लाल रंग फेकण्यात आला. खुद्द वैमानिकांचे स्मारक ग्रीन पार्कमध्ये झाले ते २०१२ साली, युद्ध संपून ६७ वर्षांनी. त्यात कांस्याचे सातजण उभे आहेत, मोहिमेवरून नुकतेच परतलेले, थकलेले. आणि तिथल्या लेखात असेही कोरले आहे, की हे स्मारक त्या बाँबवर्षावात मेलेल्या सर्व राष्ट्रांच्या माणसांचेही आहे. ही ओळ म्हणजे तडजोड, असे काही म्हणतात. असेल. पण त्या दगडावर तीच मला सर्वांत धीराची वाटते. मारणाऱ्यांच्या स्मारकावर मेलेल्यांची आठवण कोरणे हे सोपे काम नव्हे.

मायनार्स्कीचे नाव मात्र वाचले. विनिपेगला त्याच्या नावाची शाळा आहे. मिडलटन सेंट जॉर्जच्या जुन्या तळावर २००५ साली लोकांनी वर्गणी काढून त्याचा पुतळा उभा केला, सलाम करणारा. कॅनडातील हॅमिल्टनच्या संग्रहालयात एक लँकॅस्टर जपलेले आहे. उडू शकणारी अशी विमाने जगात दोनच उरली, त्यांतले हे एक. त्याला मायनार्स्कीच्या विमानाचीच अक्षरे आणि क्रमांक दिला आहे. लँकॅस्टरच्या पाठीवरच्या घुमटापासून शेपटीपर्यंतचे अंतर काही फार नाही. घरात माजघरातून परसदारी जावे तेवढे.

हे सगळे का, तर ब्रोफी वाचला म्हणून. तो त्या झाडाशी मेला असता तर आगीत काय घडले हे सांगायला कुणी उरलेच नसते. नोंद झाली असती, की विमान पडले, दोन गोलंदाज मृत, पाच वाचले. एकाने उडी टाकायला उशीर केला, बहुधा गोंधळला असावा. आता वाचकांनीच विचार करावा, की त्या ५५,५७३ नोंदींमध्ये असे 'उशीर' किती असतील. रनीमीड येथे थेम्सकाठच्या टेकडीवर अशा हवाई योद्ध्यांची २०,००० हून अधिक नावे कोरलेली आहेत, ज्यांना कबरही नाही. त्या भिंतींवर एका खाली एक नाव आहे. त्यांत कोण कुणाकडे रांगत गेला होता, आणि कोणी कुणाला जा म्हटले होते, हे कधीच कळणार नाही. मायनार्स्कीची गोष्ट सांगताना मला ती एकट्याची वाटत नाही, ती या कारणाने.

हे ऐकून आमचे स्नेही काही वेळ सुपारी कातरीत राहिले. हिशेबाचा मुद्दा त्यांनी सोडला होता असे नाही. ते सोडणाऱ्यांतले नव्हेत. "त्या बाँबांचे काय झाले?" त्यांनी एकदम विचारले.

मी सांगितले, की विमान गोदियाँप्रे नावाच्या खेड्याजवळ पडले तेव्हा वीसही बाँब पोटातच होते. त्यांतले दोन फुटले, अठरा तसेच राहिले. ते सगळे फुटते तर ब्रोफीही नसता आणि ही गोष्टही नसती.

"म्हणजे त्या विमानातला एकही बाँब काँब्रेवर पडला नाही."

"नाही."

"तर मग तिथे यार्डाच्या आसपास झोपलेली काही माणसं पुढे म्हातारी झाली असतील," ते म्हणाले.

"झाली असतील," मी म्हटले. "त्यांना ते ठाऊक असायचं काही कारण नाही."